चुकीची किंमत कोण मोजणार?

जमिनीची डिजिटल प्रतिकृती एकदा तयार झाली की जमिनीचे तंटे आपोआप मिटतील, असे हल्ली छातीठोकपणे सांगितले जाते. ड्रोन, उपग्रह आणि जमिनीवर बसवलेले संवेदक यांच्याकडून येणारी माहिती एकत्र करून एखाद्या परिसराचे त्रिमितीय रूप संगणकात उभे करायचे, ते सतत ताजे ठेवायचे आणि प्रत्यक्ष निर्णय घेण्याआधी त्यावर प्रयोग करून पाहायचे, याला डिजिटल ट्विन म्हणतात. विमानाच्या इंजिनापासून पीकविम्यापर्यंत आणि पवनचक्कीपासून भूसंपादनापर्यंत सगळ्या क्षेत्रांना ते सारखेच उपकारक ठरेल, असा प्रचार आहे. डिसेंबर २०२२मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय भू-स्थानिक धोरणाने तर २०३५पर्यंत देशातल्या प्रमुख शहरांचे आणि नगरांचे डिजिटल ट्विन उभे करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

माझा आक्षेप तंत्रज्ञानावर नाही, ‘सगळ्या क्षेत्रांना सारखेच’ या दाव्यावर आहे. हा दावा चुकीचा आहे आणि त्याची किंमत ज्यांनी तो कधी केलाच नाही, अशा लोकांना मोजावी लागणार आहे. तो कितपत टिकतो हे पाहायला धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्याइतकी योग्य जागा नाही.

या तालुक्यातले विखरण हे गाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले ते जानेवारी २०१८मध्ये. महानिर्मितीच्या सौर प्रकल्पासाठी जे भूसंपादन झाले, त्यात धर्मा पाटील यांचे पाच एकरांचे वावर गेले. मोबदला ठरला सुमारे चार लाख रुपये. शेजारच्या जमिनीला मात्र कितीतरी पट जास्त रक्कम मिळाली होती. आपल्या शेतात आंब्याची झाडे आहेत, विहीर आहे, आणि मोबदला ठरवताना ते धरलेच गेले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ऐंशी ओलांडलेला हा शेतकरी धुळ्यापासून मुंबईपर्यंत अर्ज घेऊन हेलपाटे घालत राहिला. २२ जानेवारीला त्यांनी मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीला जे. जे. रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर फेरमूल्यांकन झाले आणि वाढीव रक्कम मंजूर झाली.

डिजिटल ट्विनचे समर्थक इथे लगेच म्हणतील की, पाहा, तेव्हा प्रतिकृती असती तर झाडे, विहीर सगळे पडद्यावर दिसले असते आणि त्या वृद्धाचा जीव वाचला असता. या युक्तिवादाला उत्तर देणे मला सर्वांत गरजेचे वाटते, कारण वरवर तो माणुसकीचा वाटतो. आंब्याचे झाड आकाशातून लपत नाही. उपग्रहांची छायाचित्रे २०१८मध्येही होती आणि त्याआधीही अनेक वर्षे होती. विहीर पाहायला तर आकाशात जाण्याचीही गरज नव्हती, बांधावर जाऊन उभे राहिले की पुरे. फेरमूल्यांकनाला कोणते नवे यंत्र लागले नाही, पुन्हा पाहण्याचा आदेश लागला. विखरणला माहितीचा तुटवडा नव्हता. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने ‘तुमची नोंद चुकली आहे’ असे सांगितल्यावर ती ठरावीक मुदतीत तपासून पाहण्याची सक्ती कुणावर नव्हती, किंवा कागदावर असलीच तरी तिचा त्याला उपयोग झाला नाही. ही उणीव कॅमेऱ्याने भरून निघत नाही. उलट ‘पडद्यावर तर असे दिसत नाही’ हे नवे उत्तर अधिकाऱ्याच्या हाती आयते पडते.

ही कल्पना आली कुठून, तेही पाहू. तिची मुळे सांगताना १९७०च्या अपोलो १३ मोहिमेचा दाखला हमखास दिला जातो. अंतराळयानात स्फोट झाला, तेव्हा जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये यानाची परिस्थिती उभी करून, परतीच्या कृतींचा क्रम तपासून तो अंतराळवीरांना कळवण्यात आला. दाखला खरा आहे, पण तो अर्धाच सांगितला जातो. यानातून सतत मापे येत होती आणि यानात बसलेली तीन माणसे काय घडते आहे ते आपल्या तोंडाने सांगत होती. त्यांनी सांगितलेले आणि जमिनीवरची प्रतिकृती यांच्यात फरक पडला असता, तर बदलावी लागली असती ती प्रतिकृती. ‘आमच्या सिम्युलेटरमध्ये तुमचा स्फोट दिसत नाही’ असे त्यांना कोणी म्हटले नाही.

विमानाच्या इंजिनाचेही तेच. इंजिनाच्या पात्यांचे तापमान, कंपने आणि झीज यांची नोंद सतत प्रतिकृतीत जाते, त्यावरून दुरुस्ती कधी करायची ते ठरते, आणि इंजिन उघडले की प्रतिकृतीचा अंदाज बरोबर होता की नाही हे समोर दिसते. अंदाज चुकला तर नुकसान कोणाचे? इंजिन बनवणाऱ्याचे आणि चालवणाऱ्याचे, म्हणजे ज्यांनी प्रतिकृती केली आणि वापरली त्यांचेच. पात्याला गेलेला तडा लपवण्यात कोणाचाच फायदा नाही, म्हणून ती प्रतिकृती आपोआप प्रामाणिक राहते. साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांच्या मालकांनी प्रत्येक चक्कीची डिजिटल प्रतिकृती जरूर करावी. वाऱ्याचा अंदाज चुकला तर तोटा त्यांच्याच वहीत पडेल आणि तेच तो सुधारतील.

आता भूसंपादन घ्या. प्रतिकृती कोण करणार? जमीन घेणारी यंत्रणा किंवा तिने नेमलेली कंपनी. त्या प्रतिकृतीत विहीर सुटली, बागायत जमीन जिरायत धरली गेली, दीडशे झाडांची पन्नास झाली, तर भुर्दंड कोणाला? शेतकऱ्याला. घेणाऱ्याचे मात्र पैसे वाचतात. म्हणजे ज्याच्या हातात मोजमाप आहे, त्याला चूक शोधण्याची घाई नाही, आणि ज्याला चूक दिसते आहे, त्याच्या हातात मोजमाप नाही. इंजिन आणि वावर यांच्यातला खरा फरक हा आहे. तंत्रज्ञान तेच असले, संवेदक तेच असले, तरी चुकीचा भुर्दंड कोणाच्या माथी बसतो, यावर प्रतिकृतीचा खरेपणा अवलंबून असतो. ‘सर्व उद्योगांत उपयोग’ अशी यादी करणारे हा प्रश्न विचारतच नाहीत.

सिंगापूरचे उदाहरणही मोठ्या उत्साहाने दिले जाते. २०१४मध्ये सुरू झालेल्या ‘व्हर्च्युअल सिंगापूर’ प्रकल्पाने अख्ख्या शहराची त्रिमितीय प्रतिकृती उभी केली, हे खरे. पण तिथली बहुतांश जमीन सरकारच्याच मालकीची आहे. स्वतःच्या जमिनीचे चित्र सरकारने काढणे आणि सरकारने दुसऱ्याच्या वावराचे चित्र काढून त्यावरून त्याचा मोबदला ठरवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खानदेशचा विमा हा याचाच दुसरा धडा. जळगाव जिल्ह्यातल्या केळी बागायतदारांना तो पाठ आहे. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत तापमानाच्या जोखमीची भरपाई महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदीवरून ठरते. म्हणजे शेतकऱ्याच्या बागेची जागा कागदोपत्री त्या केंद्राने घेतलेली असते. केंद्रावरचा पारा ठरलेल्या आकड्याच्या किंचित खाली थांबला आणि काही किलोमीटरवरच्या बागेत मात्र उष्णतेने केळीची पाने करपली, घड काळे पडले, तर बाग खरी असूनही हरते आणि केंद्राची नोंद जिंकते. केंद्र खोटे बोलत नाही. ते फक्त आपल्या जागेवरचे खरे सांगते, आणि ते दुसऱ्याच्या बागेलाही लागू करायचे, हा निर्णय माणसांनी घेतलेला असतो. चुकीची किंमत इथेही विमा कंपनी मोजत नाही, बागायतदार मोजतो.

‘प्रतिकृतीत सगळे दिसते’ हे म्हणणेही तपासायला हवे. शिंदखेडा तालुक्यातल्या एखाद्या शिवारावर ड्रोन उडवा. बांध दिसतील, झाडे मोजता येतील, घरांची उंची कळेल. पण या शिवाराचा जीव आहे पाण्यात, आणि पाण्याचा हिशेब मातीखाली आहे. धुळे-नंदुरबार पट्ट्यात काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती जमिनीत उभ्या आहेत. भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी बेसाल्टच्या थरांना पडलेल्या भेगांतून लाव्हा वर चढला आणि तिथेच थिजला, त्यातून त्या तयार झाल्या. साधारण पूर्व-पश्चिम पसरलेल्या या भिंती कुठे टेकडीच्या धारेसारख्या वर दिसतात, कुठे मातीखाली पूर्ण बुजलेल्या असतात. दगड अखंड असेल तर अशी भिंत जमिनीखालचे पाणी अडवते, भेगाळलेला असेल तर तीच पाणी वाहून नेते. म्हणूनच एकाच गटात, हाकेच्या अंतरावर, एक विहीर उन्हाळ्यातही पाणी देते आणि दुसरी पौषातच तळ दाखवते. वरून काढलेल्या चित्रात दोन्ही विहिरी सारख्याच गोल आणि सारख्याच काळ्या दिसतात.

त्यातली एखादी विहीर सामाईक असते. तिच्यात कोणाचा चार आणे हिस्सा, कोणाचा दोन आणे. पाण्याची पाळी वारांवर ठरलेली. यातले काही सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंदलेले असते, काही आजोबांच्या तोंडी करारावर चालत आलेले असते. तिथे जाणारी वाट दुसऱ्याच्या बांधावरून जाते आणि ती नकाशात नसते. भावाभावांत वावर वाटले गेले, पण पोटहिस्सा मोजला गेला नाही, असे असंख्य गट आहेत. ड्रोनला एक सलग शेत दिसते, प्रत्यक्षात ते तीन चुलींचे असते. ही माहिती कोणत्याही कॅमेऱ्यातून येणार नाही. ती माणसाला विचारूनच मिळेल, आणि त्याने सांगितल्यावर लिहून घ्यावी लागेल.

आता विरोधी बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा. ते म्हणतात की, तलाठ्याच्या आणि भूकरमापकाच्या हातची नोंद काय धुतल्या तांदळासारखी होती? चिरीमिरी देऊन जिरायतीची बागायत होत नव्हती का? पंचनामा घरी बसून लिहिला जात नव्हता का? त्यापेक्षा यंत्र बरे. हा मुद्दा मला मान्य आहे. जुन्या नोंदींची महती गाण्याचे काहीच कारण नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. महाराष्ट्रातले शेतीचे नकाशे ब्रिटिशकालीन मोजणी, पुढे १९४७च्या कायद्याने झालेली एकत्रीकरण योजना आणि त्यानंतरचे फेरफार यांच्या थरांवर उभे आहेत. एकत्रीकरणात झालेल्या चुका आजही गावोगाव भांडणांचे मूळ आहेत. नव्या प्रतिकृतीचा पाया म्हणून हेच गट नकाशे घेतले तर जुनी चूक जात नाही, ती सेंटिमीटरपर्यंत काटेकोर होते आणि तिच्यावर संगणकाचा शिक्का बसतो. पूर्वी वेडीवाकडी रेघ पाहून निदान शंका तरी येत असे. त्रिमितीय चित्रातली रेघ पाहून कोणाला शंका येणार?

यावर स्वामित्व योजनेचा दाखला दिला जातो. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावापासून महाराष्ट्रात ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग सुरू झाला आणि २०२०मध्ये केंद्राने देशभर तो योजनेच्या रूपात आणला. घरांना मिळकतपत्रिका मिळाल्या, हे चांगले झाले. पण त्या कामात मोजणीआधी घरमालकांनी स्वतः उभे राहून आपल्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारायच्या असतात. ड्रोन नंतर उडतो. जे काम यशस्वी म्हणून दाखवले जाते, त्याच्या मुळाशीच माणसाने आखलेली रेघ आहे. आणि ही योजना गावठाणापुरती आहे, शिवाराला ती लागू नाही. शेतजमिनीच्या बाबतीत तिचा दाखला देणाऱ्यांनी चुन्याची ती फक्की आधी शिवारात आणावी.

लोक अडाणी असतात, मोजणीला घाबरतात, प्रगतीच्या आड येतात, असेही ऐकवले जाते. खानदेशाला हे बोलणे नवीन नाही. १८५२मध्ये ब्रिटिशांची महसुली मोजणी इथे आली, तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल भागातले शेतकरी हजारोंनी जमून तिच्याविरुद्ध उभे राहिले. सरकारने फौज आणून तो उठाव मोडला. त्या शेतकऱ्यांना साखळी आणि मोजपट्टी समजत नव्हती असे नाही. मोजल्यावर सारा कोण ठरवणार आणि तो कोणाच्या खांद्यावर बसणार, हे त्यांना नेमके समजत होते. त्यांच्या भीतीला अज्ञान म्हणणे तेव्हाही सोयीचे होते आणि आजही आहे.

उशीर होईल, प्रकल्प अडतील, हा शेवटचा धाक. शिंदखेडा तालुक्यात कामे मोठी आहेत, हे खरे. सुलवाडे बॅरेजमधून तापीचे पाणी उचलून जामफळ धरणात नेणाऱ्या सुलवाडे-जामफळ-कनोली योजनेचे भूमिपूजन फेब्रुवारी २०१९मध्ये झाले. सप्टेंबर २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेला ३०९ किलोमीटरचा मनमाड-इंदूर रेल्वेमार्ग याच जिल्ह्यातून जाणार आहे. नरडाण्याला औद्योगिक वसाहत आहे. ही कामे व्हावीत, असे तालुक्यातल्या शेतकऱ्यालाही वाटते, पाणी त्यालाच हवे आहे. पण हरकत ऐकायला लागणारे पंधरा दिवस वाचवून पुढे मोबदल्याच्या दाव्यांत वर्षानुवर्षे घालवणे, याला वेग म्हणता येत नाही.

मग हे तंत्रज्ञान आधी कुठे वापरावे? माझे उत्तर आहे, तापीवर. हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की पाणी सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा ही बॅरेजे ओलांडून गुजरातमधल्या उकाई धरणात जाते. वाटेत पांझरा मुडावदजवळ तापीला मिळते, बुराई येऊन मिळते. ऑगस्ट २००६मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरत बुडाले, तेव्हा एका नदीवरचे निर्णय तुकड्यातुकड्यांत घेतल्याने काय होते, ते सगळ्यांनी पाहिले. पाऊस, धरणसाठे, दरवाजे आणि नदीपात्र यांची एकत्रित, ताजी प्रतिकृती दोन्ही राज्यांना खुली असावी. एवढे पाणी सोडले तर ते काठावरच्या कोणत्या गावात किती वेळात पोहोचेल, हे आधीच कळले तर जनावरे सोडता येतील, मोटारी वर काढता येतील. इथे पाणी खोटे बोलू देत नाही. अंदाज चुकला की काही तासांतच कळतो, सगळ्यांना दिसतो, आणि चूक झाकण्यात कोणाचा फायदा नसतो.

जिथे चुकीचा भार दुसऱ्यावर पडतो, तिथे मात्र अटी हव्यातच. पहिली, मोबदला किंवा भरपाई ठरवायला वापरायची प्रतिकृती ग्रामसभेत मोठ्या पडद्यावर गटवार दाखवली जावी आणि प्रत्येक खातेदाराला आपल्या गटाची छापील प्रत मिळावी. दुसरी, प्रत्येक थर कोणत्या तारखेचा आणि कुठून घेतला, हे त्या प्रतीवर लिहिलेले असावे. उन्हाळ्यात काढलेल्या चित्रावरून शेत बागायत की जिरायत हे ठरवू नये. तिसरी, खातेदाराने हरकत घेतली की अधिकाऱ्याने ठरलेल्या मुदतीत बांधावर यावे आणि कारणे देऊन लेखी निर्णय द्यावा. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, हरकतीचा निकाल लागेपर्यंत तेवढ्या नोंदीवरून कोणताही आकडा ठरवू नये.

यातले काहीही अशक्य नाही. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः आपल्या पिकाची नोंद फोटोसह करतो. पुढे त्यात ४८ तासांत स्वतःची नोंद दुरुस्त करण्याची आणि तलाठ्याने दहा टक्के नोंदी तपासण्याची सोय आली. म्हणजे शेतकऱ्याचा शब्द नोंदीत घेणारी आणि ती दुरुस्त करू देणारी पद्धत याच राज्याने, मोबाईलवर, राबवली आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५मध्ये लेखनातल्या चुका दुरुस्त करण्याची तरतूद आहे. २०१३च्या भूसंपादन कायद्याचे कलम २९ जमिनीवरची झाडे, पिके आणि बांधकामे यांचे मूल्य ठरवायला तज्ज्ञांची मदत घेण्याचा अधिकार देते. या तरतुदी डिजिटल प्रतिकृतीला जोडायच्या आहेत, एवढेच. ड्रोनवर आणि त्रिमितीय चित्रांवर खर्च करणाऱ्या सरकारला हरकती ऐकणारा माणूस परवडत नाही, हे मी मान्य करणार नाही.

म्हणून शिंदखेडा तालुक्यातल्या ग्रामसभांना माझे सांगणे आहे. उद्या रेल्वेसाठी, कालव्यासाठी किंवा सौर प्रकल्पासाठी मोजणीची नोटीस आली आणि सोबत ‘अत्याधुनिक डिजिटल सर्वेक्षण’ असे शब्द आले, तर त्या शब्दांनी दबू नका आणि त्या यंत्राला गावबंदीही करू नका. ठराव करून वर लिहिलेल्या चार अटी लेखी मागा आणि त्या मिळाल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू नका. मंत्रालयाचा उंबरठा झिजवण्याआधी करायचे काम हे आहे. ज्या प्रतिकृतीतल्या चुकीची किंमत शेतकऱ्याने मोजायची आहे, ती प्रतिकृती बरोबर आहे की नाही, हे शेतकऱ्याला विचारल्याशिवाय ठरता कामा नये.